सही कोणाची?

रात्री दोनच्या सुमारास मुंबई विमानतळाच्या एप्रनवर उभ्या असलेल्या विमानांच्या शेपटीकडची अक्षरं वाचत गेलं तर एक वेगळाच नकाशा दिसतो. व्हीटी म्हणजे भारतात नोंदलेलं विमान, ए-६ संयुक्त अरब अमिरातीतलं, डी जर्मनीचं, ९-व्ही सिंगापूरचं, जी ब्रिटनचं. जमीन एकच, इंधन एकाच टाकीतलं, वर शिंतडणारा पाऊसही तोच. पण यातल्या एखाद्या विमानात बिघाड निघाला, तो दुरुस्त झाला आणि 'आता हे उडायला योग्य आहे' असं लिहून खाली सही करायची वेळ आली, की प्रत्येक विमान आपापल्या देशाचा कायदा घेऊन उभं राहतं. व्हीटीवाल्या विमानावर सही करणारा इंजिनिअर पन्नास पावलांवरच्या डीवाल्या विमानाचं चाक डोळे मिटून बदलू शकेल. पण त्याच्या कंपनीकडे युरोपची मान्यता नसेल तर त्याला त्या विमानाच्या वहीत नावसुद्धा लिहिता येणार नाही.

त्या वहीला टेक लॉग म्हणतात. उतरल्यावर वैमानिकाने त्यात 'स्नॅग', म्हणजे बिघाड, लिहिला, की तो निस्तरल्याची किंवा नियमात बसवून पुढे ढकलल्याची नोंद झाल्याशिवाय विमान हलत नाही. नोंदीखाली वेळ, लायसन्स किंवा अधिकारपत्राचा क्रमांक आणि सही. आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला कोणी परवाना विचारत नाही; गाडी चालू झाली की त्याची परीक्षा झाली. विमानाच्या धंद्यात मात्र हात कितीही चांगला असला तरी सहीचा हक्क वेगळा कमवावा लागतो. पगार त्या सहीचा मिळतो आणि झोपही तिच्याच पायी उडते. अपघात झालाच, तर चौकशीवाले जे कागद सर्वांत आधी ताब्यात घेतात त्यात ही सही असते.

हा हक्क कोणाला द्यायचा, यावर जगाचं एकमत नाही. १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, उभी राहिली. तिच्या पहिल्या परिशिष्टात किमान अटी आहेत: वय १८ पूर्ण, ठरावीक विषयांचं ज्ञान, आणि संपूर्ण विमानाच्या लायसन्ससाठी चार वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त प्रशिक्षण झालं असेल तर दोन वर्षांचा. शिवाय एक पळवाटही ठेवलेली आहे. एखाद्या देशाला वाटलं तर तो मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेला हा हक्क देऊ शकतो, आणि संस्था तो आपल्या लायसन्स नसलेल्या माणसाकडे सोपवू शकते. मी 'पळवाट' म्हटलं. त्या क्षेत्रातले लोक 'लवचीकता' म्हणतील. देशोदेशींचा फरक बराचसा या एका मुद्द्यावरून सुरू होतो. भरवसा माणसावर ठेवायचा की संस्थेवर?

विमानाच्या पहिल्या मेकॅनिककडे अर्थातच कसलाही कागद नव्हता. राइट बंधूंच्या डेटनमधल्या सायकलच्या दुकानात काम करणारा चार्ल्स टेलर. बाहेरचा कोणी हवं तसं हलकं इंजिन करून देईना, म्हणून त्याने दुकानातच सुमारे सहा आठवड्यांत बारा हॉर्सपॉवरचं इंजिन घडवलं. १९०३ चं उड्डाण त्या इंजिनावर झालं. पुढे धंदा वाढला, माणसं मरू लागली आणि सरकारं जागी झाली. अमेरिकेत १९२६ चा कायदा आला आणि १ जुलै १९२७ रोजी फ्रँक गेट्स गार्डनर याला मेकॅनिकचं लायसन्स क्रमांक एक मिळालं.

ब्रिटननेही ग्राउंड इंजिनिअरची लायसन्सं सुरू केली, पण साहेबी पद्धतीने कामाची वाटणी करून. ए म्हणजे उड्डाणाआधी विमान तपासणारा, बी विमानाची ओव्हरहॉल बघणारा, सी उड्डाणाआधी इंजिन तपासणारा, डी इंजिनाची ओव्हरहॉल करणारा, आणि एक्स म्हणजे उरलेली खास कामं. १९२९ मध्ये यातलं सी लायसन्स मिळवणारी पहिली ब्रिटिश स्त्री म्हणजे एमी जॉन्सन, जिने पुढच्याच वर्षी एकटीने ऑस्ट्रेलिया गाठला. लोकांना तिची वैमानिकगिरी आठवते. पण वाटेत बिघडलेलं विमान स्वतः हाताळायची तयारी तिच्याकडे होती, ती या लायसन्सच्या अभ्यासातून आलेली. हीच अक्षरं १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समधून आपल्याकडे आली. जुहूच्या धावपट्टीवर आणि सांताक्रूझच्या हँगरमध्ये घडलेल्या कितीतरी पिढ्यांनी 'ए अँड सी'ची भाषा बोलली. निवृत्त माणूस आजही आपली ओळख या अक्षरांत सांगतो.

अमेरिकेने अशी वाटणी केलीच नाही. तिथे दोनच गोष्टी: एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन. दोन्ही असले की माणूस 'ए अँड पी' झाला. एकासाठी १८ महिने अनुभव, दोन्हींसाठी मिळून ३० महिने, नाहीतर मान्यताप्राप्त शाळेचा अभ्यासक्रम. २०२२ पर्यंत या शाळांना १,९०० तासांचं बंधन होतं; मग तासांचा हिशेब सुटला आणि विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याचा हिशेब आला. लेखी परीक्षेत ७० टक्के पुरतात. खरी गंमत त्यापुढे आहे. अमेरिकेच्या विमान नियामकाने, म्हणजे एफएएने, नेमलेला परीक्षक समोर बसतो, तोंडी प्रश्न विचारतो आणि मग हातात काम देतो. पत्र्याला रिव्हेट मार, मॅग्नेटोचं टायमिंग लाव, हा बोल्ट लॉकवायर करून दाखव, या पुस्तिकेतून अमुक नोंद शोधून काढ. पाठांतर करून आलेला गडी या टेबलावर उघडा पडतो. हे लायसन्स मग कधीच संपत नाही. गेल्या २४ महिन्यांत किमान सहा महिने काम केलेलं असावं, एवढीच अट. तीन वर्षं दोन्ही रेटिंग बाळगलेला, त्यातली निदान दोन वर्षं प्रत्यक्ष कामात असलेला माणूस पुढे 'इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन' घेतो. लहान खासगी विमानांची वार्षिक तपासणी आणि मोठ्या दुरुस्तीची मान्यता त्याच्या सहीवर चालते. एका गावात, एका शेडमध्ये, एकटा माणूस हा व्यवसाय करू शकतो.

मला या पद्धतीचं कौतुक वाटतं आणि भीतीही वाटते. कौतुक त्या समोरासमोरच्या परीक्षेचं. भीती अशासाठी की ए अँड पीच्या कार्डावर विमानाचा प्रकार लिहिलेला नसतो. दोन आसनी सेसना असो की बोइंग ७७७, कागद तोच. कायदा इतकंच सांगतो की जे काम पूर्वी कधी केलं नाही ते स्वतःच्या जोरावर पास करू नका. ते काम केलेल्या, योग्य रेटिंगच्या मेकॅनिकच्या थेट देखरेखीखाली करा. मोठ्या विमान कंपन्या आपल्या माणसांना प्रकारानुसार शिकवतात, पण ती जबाबदारी त्यांच्या प्रशिक्षण विभागाची, लायसन्सची नव्हे.

देखरेख करणाराच चुकला तर? ८ जानेवारी २००३ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं बीच १९००-डी उडालं. नाक वर, आणखी वर, आणि मग कोसळलं. विमानातले सगळे, २१ जण, गेले. दोनच रात्रींपूर्वी वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनला कंत्राटदाराच्या हँगरमध्ये शेपटीच्या एलिव्हेटरच्या केबलचा ताण नीट केला होता. हे काम करणारा मेकॅनिक या प्रकारच्या विमानावर ते पहिल्यांदाच करत होता. त्याला शिकवायला उभा असलेला इन्स्पेक्टरच नंतर ते काम तपासून पास करणार होता. आपल्याला फक्त ताण बघायचाय, असं समजून दोघांनी पुस्तिकेतल्या मधल्या पायऱ्या गाळल्या. केबलचा ताण बदलणारे टर्नबकल चुकीचे फिरले आणि नाक खाली आणायला एलिव्हेटर जेवढा वळायला हवा त्याच्या साधारण निम्माच वळू लागला. विमान त्यानंतर आठ-नऊ फेऱ्या बिनबोभाट उडालंसुद्धा. त्या सकाळी मात्र शेपटीकडचं वजन जास्त होतं. प्रवाशांच्या सरासरी वजनाचे जे आकडे वापरात होते ते जुने झालेले होते, माणसं जाड झाली होती, आणि उरलेल्या निम्म्या एलिव्हेटरला तो भार पेलला नाही. त्या रात्री देखरेखीच्या नियमाचं अक्षर पाळलं गेलं होतं. शिकवणारा होता, शिकणारा होता, तपासणीही झाली. तपासणारं डोकं मात्र एकच होतं.

अमेरिकेत दुसरी एक वाट संस्थेची. 'पार्ट १४५'ची मान्यता असलेल्या दुरुस्ती केंद्रात प्रत्येक हाताला लायसन्स लागत नाही; देखरेख करणाऱ्यांना आणि विमान सेवेत परत सोडणाऱ्यांना लागतं. आणि केंद्र अमेरिकेबाहेर असेल तर त्यांनाही अमेरिकन लायसन्सची सक्ती नाही. अनुभव आणि प्रशिक्षण पुरतं. म्हणजे टेक्सासमधल्या एकट्या मेकॅनिकला जे कार्ड खिशात हवंच, त्याच्याशिवाय परदेशातल्या मोठ्या हँगरमध्ये अमेरिकन विमान उघडून परत जोडता येतं. अमेरिकेतल्या मेकॅनिकांच्या संघटना यावर वर्षानुवर्षं ओरडत आहेत, आणि माझ्या मते त्यांचं ओरडणं केवळ पोटाचं नाही.

युरोपने उलटी दिशा धरली. १९९८ मध्ये जेएआर-६६ आणि २००३ मध्ये ईआसा या युरोपीय नियामकाचा पार्ट-६६ आल्यावर देशोदेशींची वेगवेगळी लायसन्सं एका साच्यात बसली. ए म्हणजे नेमून दिलेली साधी कामं करून फक्त स्वतःच्याच कामावर सही करणारा. बी-१ म्हणजे इंजिन, सांगाडा, यांत्रिक भाग. त्यातही टर्बाइन की पिस्टन आणि विमान की हेलिकॉप्टर असे चार उपप्रकार. बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. सी म्हणजे हँगरमध्ये आठवडे काढून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या विमानावर शेवटची सही करणारा. परीक्षा विषयवार मॉड्यूलांच्या, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. बी-१.१ चा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम २,४०० तासांचा, आणि त्यातला चाळीस ते पन्नास टक्के वेळ हातात हत्यार धरण्यासाठी राखलेला.

एवढं करून हातात येतं ते कोरं लायसन्स. मोठ्या विमानावर सही करायची तर त्या विमानाचा 'टाइप' त्यावर चढवावा लागतो. तीस टनांवरच्या विमानासाठी बी-१ वाल्याला किमान १५० तासांचा वर्ग, वर प्रात्यक्षिक, आणि पहिलाच टाइप असेल तर प्रत्यक्ष विमानावर काम करता करता घ्यायचं प्रशिक्षण, म्हणजे ओजेटी. टाइप म्हणजे नुसतं 'ए-३२०' असंही चालत नाही. सीएफएम-५६ इंजिनाचं ए-३२० हा एक टाइप, आयएई व्ही-२५०० चं दुसरा, प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड इंजिनाचं तिसरा, लीप-१ए चं चौथा. प्रवाशाला खिडकीतून चारही सारखीच दिसतात. टाइप चढल्यावरही सही करायला कंपनीचं अधिकारपत्र लागतं, आणि नोकरी सुटली की ते अधिकारपत्र तिथेच राहतं. लायसन्स माणसाचं, पण हक्क कंपनीच्या दारात.

ही पद्धत अधिक सुरक्षित, असं म्हणायचा मोह होतो. ब्रिटनमध्ये पार्ट-६६ यायच्या आधी, पण टाइपनिहाय लायसन्सची परंपरा मुरलेली असताना घडलेली एक गोष्ट त्या मोहाला आवर घालते. जून १९९०, बर्मिंगहॅम, ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरची काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून पाळीच्या मॅनेजरनेच काम हातात घेतलं. अनुभवी, लायसन्सवाला, नावाजलेला माणूस. जुने बोल्ट काढले. ते ७-डी होते. खरं तर पुस्तिकेप्रमाणे तिथे ८-डी हवे होते, पण ७-डीवरही काच चार वर्षं टिकली होती, म्हणून त्याने ७-डीच मागितले. स्टोअरच्या माणसाने सांगितलं, या जागी ८-डी लागतात. याने ते कानाआड केलं. स्टोअरमध्ये ७-डी चार-पाचच निघाले. मग गाडी काढून तो विमानतळाच्या दुसऱ्या भागातल्या, कोणाचं लक्ष नसलेल्या सुट्या भागांच्या कप्प्यांकडे गेला. उजेड मंद. वाचायचा चष्मा त्याने लावलेला नव्हता. जुना बोल्ट नव्याशेजारी धरून, नजरेने आणि बोटांनी जुळवून त्याने बोल्ट निवडले. ते ८-सी होते. लांबी ठीक, पण जाडी इंचाच्या २६ हजारांशाने कमी. पहाटे, अंग ताणून, वाकड्या हाताने त्याने ते बसवले. बोल्टाचं डोकं खाचेत जास्त खोल जात होतं, पण त्या ताणलेल्या अवस्थेत ते त्याच्या हातामागे झाकलं गेलं. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक होते, उरलेले सहा आखूड.

१० जूनला सकाळी मालागाला निघालेलं ते विमान सतरा हजार फुटांवर असताना काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले. पुढे तो पुन्हा उडूही लागला. चौकशीत निघालेली मुख्य गोष्ट अशी की काच बदलणं हे 'अतिमहत्त्वाचं काम' या यादीत नव्हतं, म्हणून दुसऱ्या कोणी तपासायची सक्ती नव्हती. काम करणारा, निर्णय घेणारा आणि सही करणारा एकच माणूस होता. हंटिंग्टनला डोकी दोन भासत होती पण एकच होतं. बर्मिंगहॅमला तर एकच होतं. जपानसारखा देश टाइपनिहाय सरकारी परीक्षा घेतो, तिथेही हा प्रश्न सुटत नाही. लायसन्स माणसाला काय येतं ते सांगतं. पहाटे चारला तो काय करेल ते सांगत नाही.

भारताने आपली जुनी ए-बी-सी-डी मोडीत काढून युरोपचा साचा उचलला. आपल्या विमान नियामकाचा, म्हणजे डीजीसीएचा, कार-६६ हा मांडणीने पार्ट-६६ चा जवळचा नातेवाईक आहे. मॉड्यूलांचे क्रमांकसुद्धा जुळतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, मग कार-१४७ मान्यतेची प्रशिक्षण संस्था, मग मॉड्यूल एकामागून एक, मग अनुभव, मग लायसन्स, मग टाइप, मग विमान कंपनीचं अधिकारपत्र. कागदावर जिना सरळ आहे. माणसं अडकतात ती अनुभवाच्या पायरीवर.

युरोपात हा साचा बसला त्याच्या खाली जुनी कारागिरीची परंपरा होती. जर्मनीत विमान-मेकॅनिकची साडेतीन वर्षांची उमेदवारी असते. मुलगा आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे हँगरमध्ये, पगार घेऊन शिकतो. पार्ट-६६ अशा कुशल कारागिराला सवलतही देतं: प्रशिक्षण नसलेल्याला बी-१.१ साठी पाच वर्षांचा अनुभव, तर त्याला तीन वर्षांचा. आपण नियम घेतला, ती उमेदवारी घेतली नाही. आपल्याकडे बरीच मुलं संस्थेच्या आवारात उभ्या असलेल्या, कधीच न उडणाऱ्या विमानावर शिकतात आणि प्रश्नसंच घोकून मॉड्यूल काढतात. चालत्या विमानावर हात लावायला मिळावा म्हणून मग कंपन्यांच्या दारात रांग लागते. मुलं हुशार असतात, याबद्दल शंका नाही. पण लॉकवायर किती पिळली की तुटते हे पडद्यावरच्या पर्यायांतून कळत नाही, आणि म्हणूनच अमेरिकन परीक्षकाचं ते टेबल आपल्याकडे जास्त गंभीरपणे यायला हवं, असं मला वाटतं.

साचा उचलला तरी तो पाळताना ढिलाई कशी शिरते याचा नमुना जुलै २०२२ मध्ये दिसला. विमानांत वरचेवर बिघाड येऊ लागल्यावर डीजीसीएने अचानक तपासण्या केल्या. त्यात दिसलं की बिघाडाचं मूळ नीट न शोधता ते पुढे ढकलण्याचं प्रमाण वाढलंय आणि मधल्या थांब्यांवर ए गटातल्या माणसांना एकेका वेळेपुरते खास अधिकार देऊन विमानं सोडली जाताहेत. साध्या, नेमून दिलेल्या कामांसाठी केलेला गट स्वस्त पडतो म्हणून सगळीकडे पुरवायचा, हा तो हिशेब. डीजीसीएने आदेश काढला: तळ असो की मधला थांबा, विमान बी-१ किंवा बी-२ लायसन्सधारकच सोडतील. मुदत २८ जुलै. हा आदेश निघावा लागला यातच सगळं आलं.

आता सीमा ओलांडण्याचा प्रश्न. आखातात, सिंगापुरात, कॅनडात भारतीय इंजिनिअर खूप आहेत आणि त्यात मराठी नावं भरपूर सापडतील. जवळजवळ प्रत्येकाला तिथे पोचल्यावर काही ना काही नव्याने करावं लागलेलं असतं. कोणाला कायद्याचा पेपर, कोणाला निम्मी मॉड्यूल, कोणाला सगळंच. युरोप आणि अमेरिका यांच्यात २०११ पासून लागू असलेला करार दुरुस्ती केंद्रांची मान्यता एकमेकांकडे चालवतो. एकाच कागदावर दोन्हीकडचा दाखला देऊन सुटा भाग अटलांटिक पार करतो. ज्या माणसाने तो भाग तपासला त्याच्या लायसन्सला मात्र असा पूल नाही. अपवाद थोडे. अमेरिकेचा नियम कॅनेडियन लायसन्सवाल्याला कॅनडात अमेरिकन विमानावर काम करून ते पास करू देतो, शेजारधर्म म्हणा.

असलेला पूल तुटतो तेव्हा काय होतं, ते ब्रिटिशांना विचारावं. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटनने दिलेलं पार्ट-६६ लायसन्स युरोपीय विमानांसाठी एका रात्रीत निरुपयोगी ठरलं. शहाण्यांनी त्याआधीच आपलं लायसन्स आयर्लंडसारख्या देशात हलवून घेतलं होतं. ब्रिटनने युरोपची लायसन्सं आणखी दोन वर्षं मान्य केली. युरोपने तेवढं औदार्य दाखवलं नाही. त्या रात्री कोणाचाही हात कमकुवत झाला नव्हता, कोणी काही विसरलं नव्हतं.

महाराष्ट्रात नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेलं आणि आज एआयईएसएल या सरकारी कंपनीकडे असलेलं दुरुस्ती केंद्र आहे. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब पूर्वीपासून या विषयाचं शिक्षण देतो, आणि मुंबईच्या हँगरांत रात्रपाळी कधी बंद पडलेली नाही. दर जूनमध्ये बारावीच्या निकालानंतर 'एएमई', म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगच्या, कोर्सच्या जाहिरातींनी पेपर भरतात, आणि आईबाप कर्ज काढायला तयार असतात. त्यांनी प्रवेश घेण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारावेत. कार-१४७ ची मान्यता नेमक्या कोणत्या गटासाठी आहे? ती डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून बघावी. प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानावरचा अनुभव कुठे आणि कोणाच्या हँगरमध्ये मिळणार, ते लेखी मागावं. आणि मागच्या तुकड्यांतल्या किती मुलांच्या हातात आज लायसन्स आहे, ते विचारावं. किती जणांनी कोर्स पुरा केला, ते नव्हे. संस्था देते ते प्रमाणपत्र. लायसन्स डीजीसीए देते, आणि विमानाच्या वहीत सही करायचा अधिकार त्यानंतर विमान कंपनी देते.